कार्तिकस्नानाचा चिमटा

संकल्प सोडायचा तर तळहातावर पाणी घ्यावं लागतं. राधाकृष्ण पठाऱ्यांनी सोडला तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. पुढं जे काही रामायण झालं ते या एका अशास्त्रीय गोष्टीमुळं झालं, असं त्यांच्या पत्नीचं, सुरेखाबाईंचं मत आहे. पण त्या ते मोठ्यानं म्हणत नाहीत. मोठ्यानं त्या काहीच म्हणत नाहीत.

राधाकृष्णभाऊ नगरला जिल्हा परिषदेत, आस्थापना शाखेत, चौतीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पारनेर तालुक्यातल्या आपल्या धोंडेवाडीला घर बांधलं. घरावर गच्ची, गच्चीवर सोलर. सोलरचं गरम पाणी मात्र गच्चीवरच्याच एका नळाशी येऊन थांबलं होतं, कारण घर बांधायला काढलेले पैसेही नेमके तिथंच थांबले होते. त्यामुळं आंघोळीचं पाणी रोज बादलीनं सतरा पायऱ्या उतरून न्हाणीत यायचं. ते सुरेखाबाई आणायच्या. त्या वर्षी श्रावणात त्यांचा उजवा खांदा धरला. नगरचे डॉक्टर म्हणाले, "बादली उचलायची नाही, आणि गार पाणी अंगावर घ्यायचं नाही. वर्षभर."

मग तीन दिवस भाऊंनी बादली उतरवली. चौथ्या दिवशी अकराव्या पायरीवर त्यांचा पाय सटकला आणि बादली त्यांच्या आधी खाली पोचली. गॅसवर पाणी तापवणं हा भाऊंना सोलरचा, म्हणजे पर्यायानं स्वतःचा, अपमान वाटत होता. गीझर घ्यावा, तर धोंडेवाडीत पहाटेची वीज ही ज्याच्या त्याच्या नशिबाची गोष्ट होती.

एरवी कसंही भागलं असतं, पण सुरेखाबाईंचा कार्तिकस्नानाचा नेम होता. कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवसापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, तांबडं फुटायच्या आत आंघोळ आणि मग देवळात काकड्याला. दोन बाळंतपणांची वर्षं सोडली तर त्यात खंड नाही. आणि कार्तिकातली पारनेरकडची पहाट ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना ती सांगायला नको.

"यंदा नेम मोडतो की काय कोण जाणे," चहा ओतताना सुरेखाबाई एवढंच म्हणाल्या. तक्रार नव्हती. पावसाबद्दल बोलावं तसं.

भाऊंनी कप उचलला. "मोडायचा नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटे न्हाणीतल्या नळाला गरम पाणी येईल. आणि ते मी स्वतः आणीन."

"तुम्ही?"

या एका शब्दात जे प्रश्नचिन्ह होतं, त्यानं भाऊ दुखावले. संध्याकाळी देवळाच्या पारावर त्यांनी तोच संकल्प चार माणसांत पुन्हा सोडला, म्हणजे मागं फिरायची वाट त्यांनी स्वतःच बुजवली. तालुक्याच्या प्लंबरला विचारून झालंच होतं. तो म्हणाला होता, "दिवाळी झाल्यावर बघू. आन् फरशी फोडावी लागंल." फरशी नवी होती. भाऊंनी त्याला नमस्कार केला.

संकल्पाला साहित्य दिलं सुरेखाबाईंच्या धाकट्या भावानं, कानिफनाथनं. तो सुप्याजवळ एका हॉटेलच्या बांधकामावर सुपरवायझर होता. मालकाचं मन फिरल्यानं तिथं एक लालभडक पाइपाचं भेंडोळं, पाइप जोडायच्या पितळी एल्बोंचा खोका आणि तांब्याच्या कड्यांची पिशवी उरली होती. ती त्यानं रीतसर मागून आणली आणि ओट्यावर टाकली.

"दाजी, ह्याला पेक्स पाइप म्हनत्यात. वाकवला का वाकतो. ह्याला सोल्यूशन न्हाई, वेल्डिंग न्हाई. आधी कडं पायपावर चढवायचं, मग पायपात एल्बो घालायचा, कडं टोकापशी आनायचं आन् टूलनं दाबायचं. कट्ट! झालं."

"आणि टूल?"

"टूल कंत्राटदाराचं हुतं. ते त्यानं नेलं."

आता इथं भाऊंच्या सेवेची चौतीस वर्षं जागी झाली. त्यांनी कचेरीत टाचणीचा डबासुद्धा तीन दरपत्रकांशिवाय घेतलेला नव्हता. त्यांनी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि वर लिहिलं : 'पेक्स पाइप दाबण्याच्या हत्याराची खरेदी – तुलनात्मक तक्ता.' मग ते एसटीनं नगरला गेले. पहिल्या दुकानदारानं अकरा हजार सांगितले आणि हत्यार काचेच्या कपाटातून बाहेर काढायलाही नकार दिला. एमआयडीसीतला एक माणूस भाड्यानं द्यायला तयार होता, पण हत्याराबरोबर तो स्वतः येणार होता, आणि त्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा. तिसरं दरपत्रक मोबाईलवर मिळालं. तिथं शेकड्यानं हत्यारं होती आणि प्रत्येकाखाली लोकांनी अभिप्राय लिहिले होते. भाऊ ते अभिप्राय पोथीसारखे वाचत. जेवताना वाचत, जेवल्यावर वाचत. 'हँडल मजबूत.' 'भावानं दिलं, अजून वापरलं नाही, पाच तारे.' 'डबा छान.' डबा छान, हे वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

"दाबायचं हत्यार आहे, तर दाबून बघूनच घ्यावं," सुरेखाबाई हळूच म्हणाल्या. "पातेलंसुद्धा आपण वाजवून घेतो."

"पातेल्याला तक्ता लागत नाही," भाऊ म्हणाले.

तक्त्याच्या तळाशी त्यांनी लिहिलं : 'सर्वांत कमी दर रुपये एक हजार चारशे पन्नास. मान्यतेस्तव सादर.' खाली सही केली. मग वहीची बाजू बदलून, आता आपण साहेब आहोत असं समजून, लिहिलं : 'मान्य.' पुन्हा सही केली. निवृत्तीनंतर इतकं समाधान त्यांना प्रथमच लाभलं.

पार्सल चार दिवसांत येणार होतं. सहाव्या दिवशी कुरिअरवाल्या बाईंचा फोन आला.

"सर, तुमचा जिल्हा अहमदनगर की अहिल्यानगर?"

"अहिल्यानगर. पूर्वीचं अहमदनगर. आम्ही आपलं नगर म्हणतो."

"सर, एक सांगा. पत्त्यात एक आलंय आणि पिनकोडच्या यादीत दुसरं आहे. सिस्टिम म्हणते जिल्हा जुळत नाही."

"मॅडम, नाव बदललंय. गाव हललेलं नाही. आहे तिथंच आहे."

"सर, मग पार्सल पुण्याला परत गेलंय."

भाऊंनी कुरिअर कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. त्यात राजपत्राचा उल्लेख होता, प्रत माहितीसाठी तिघांना होती. पार्सलवर त्याचा काही परिणाम झाला नाही. ते पुण्याला आराम करत राहिलं.

इकडं नवरात्र संपत आलं. पारावर रोज कुणी ना कुणी विचारी, "काय भाऊसाहेब, आलं का ऊन पानी?" आणि भाऊ म्हणत, "प्रकरण मार्गावर आहे." अशा वेळी शेजारचा छगन ओट्यावर येऊन बसला. छगन जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचर होता. डॉक्टर बदलत गेले, छगन राहिला. त्यामुळं पंचक्रोशीतली जनावरं डॉक्टरांना नाही, छगनला ओळखत.

"भाऊसाहेब, कशापायी पैसं घालवता? मोबाईलमधला फोटू दावा बरं." फोटो बघून छगन हसला. "ह्ये? आवो, असला चिमटा माझ्या पडवीत टांगलाय की! निवृत्तीला सायबांनी आठवन म्हनून दिला."

तो घरी गेला आणि चिमटा घेऊन आला. हातभर लांब दांडे, पुढं जाडजूड जबडा. सुरेखाबाईंनी एकदा पाहिलं, पदर नीट केला आणि त्या आत देवघरात निघून गेल्या. तो चिमटा कशाचा, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही आणि इतरांना सांगणं बरं दिसत नाही. एवढंच सांगावं, की त्या चिमट्याखालून गेलेला खोंड पुढं आयुष्यभर शांत चित्तानं नांगर ओढतो.

"छगन, हे... बरं दिसेल का? कार्तिकस्नानाचं पाणी यातून..."

"पानी पायपातनं जानार, भाऊसाहेब. चिमट्यातनं न्हाई. आन् मी राखेनं घासून आनलाय."

या युक्तिवादात कायदेशीर त्रुटी सापडेना. अंगणात पाइपाचा हातभर तुकडा कापला. कडं चढवलं, एल्बो घातला. छगननं चिमटा लावला, दात-ओठ खाऊन दाबला आणि सवयीनं पाठीमागं उडी मारली. तांब्याचं कडं करंजीसारखं चपटं झालं. मग भाऊंनी तो तुकडा अंगणातल्या नळाला जोडला आणि नळ पुरा सोडला, कारण चाचणी घ्यायची तर पूर्ण दाबानं घ्यावी असा त्यांचा बाणा. एल्बो निसटून कोंबडीसारखा उडाला आणि मागून पाण्याचा जो फवारा सुटला तो कुंपणापलीकडं गोजरबाईंनी वाळत घातलेल्या बाजरीवर.

गोजरबाई सत्तरीच्या. कमरेवर हात ठेवून त्या कुंपणाशी आल्या. "भाऊसाहेब, पाडायचाच हुता तर जूनमधी पाडायचा हुता पाऊस! आता बाजरी खळ्यात आल्यावर कशाला किरपा करता?"

भाऊंनी चष्मा पुसला. दिवसभर त्यांनी गोजरबाईंच्या बाजरीशेजारी बसून ती हातानं उलथीपालथी केली. येणारा-जाणारा थांबून विचारी, "काय भाऊसाहेब, बाजरी केली का यंदा?" निवृत्त अधिकाऱ्याच्या वाट्याला असे दिवस येतात, आणि ते पेन्शनच्या कागदांत कुठं लिहिलेले नसतात.

दसऱ्याच्या दिवशी पार्सल आलं. भाऊंनी हत्यारावर झेंडूचं फूल वाहिलं, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. नंतर डबा उघडला. डबा खरोखर छान होता. हत्यार आटोपशीर, पकडीएवढं. कड्याला लावून दाबलं तर कड्याच्या एका बाजूला चिमणीनं चोच मारावी तसा खळगा पडला. बाकी कडं जसंच्या तसं. चार वेळा दाबलं. चार चोची.

कानिफनाथला फोन लावला. मोबाईलवर फोटो बघून तो म्हणाला, "दाजी, ह्ये कानवाल्या कड्यांचं टूल. स्टीलची कडी येत्यात, त्येंला बाजूला एक कान असतो. तो कान ह्यानं पिळायचा. आपली कडी तांब्याची, बिनकानाची. त्येंला चारी अंगांनी गोल दाबनारं पायजे."

"मग हे स्वस्त का?"

"म्हनूनच स्वस्त. येकच टूल सगळ्या मापांना चालतं. पर कडी त्याची त्येला लागत्यात."

सुरेखाबाई दसऱ्याची पुरणाची पोळी लाटत होत्या, डाव्या हातानं. त्या म्हणाल्या, "मग कानवाली कडीच मागवावीत. लहानशी तर वस्तू. हत्यार तर आलंच आहे."

हे अगदी सरळ होतं. पण भाऊंना नियम आठवला. "अगं, साठ्यात दीडशे कडी शिल्लक असताना नवीन कडी कशी मागवणार? शिल्लक माल आधी वापरात आणावा लागतो."

"म्हणजे फुकट आलेली कडी वाया जाऊ नयेत म्हणून आता दुसरं हत्यार घ्यायचं."

"बरोबर," भाऊ म्हणाले. सुरेखाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. त्या असल्या ठिकाणी वाद घालत नाहीत, मनात एक नामस्मरणाची माळ ओढतात. भाऊंच्या नोकरीच्या काळात त्यांचे दोन-तीन कोटी जप असेच झाले आहेत.

पहिलं हत्यार परत करायचं तर मोबाईल कारण विचारत होता : वस्तू फुटलेली आहे, रंग वेगळा आहे, किंवा मन बदललं आहे. भाऊ खोटं बोलणारे नव्हेत. वस्तू फुटलेली नव्हती, रंग तोच होता, आणि मन तर मुळीच बदललं नव्हतं. शेवटी 'इतर' या जागी त्यांनी लिहिलं : 'वस्तू योग्य, मागणी अयोग्य.' कंपनीनं तीन वेळा क्षमा मागितली, पण हत्यार काही नेलं नाही. ते अजून त्यांच्या कपाटात आहे, छान डब्यात.

दुसऱ्या हत्याराची किंमत दुपटीहून जास्त होती. ते चारी अंगांनी दाबणारं होतं, आणि बरोबर एक पत्र्याची खाचेची पट्टी होती. कडं नीट दाबलं गेलं तर ती खाच कड्यावरून सरकते. नाही दाबलं गेलं तर अडते. या खेपेला भाऊंनी पत्त्यात दोन्ही जिल्हे लिहिले, दारासमोरचा लिंब लिहिला, छगनचं घर लिहिलं. तरी कोजागिरीच्या सकाळी निरोप आला : 'पार्सल सुपा येथे. ग्राहकाने घेऊन जावे.'

दिवस हातात एकच. भाऊ एसटीनं सुप्याला गेले, पार्सल घेतलं आणि परतीच्या गाडीत, धीर न धरवल्यानं, खोका उघडला. लांब दांडे, जाड जबडा. शेजारी वरच्या वस्तीवरचा भीमा बसला होता. त्यानं हत्यार बघितलं, मग भाऊंकडं आदरानं बघितलं.

"नवं घेतलं व्हय, भाऊसाहेब?"

"नवं. परदेशी पद्धतीचं."

"येका दाबात हुतं काम?"

"एकाच दाबात. कट्ट."

"आन् सांडलवंड?"

"एक थेंब सांडत नाही." इतक्या दिवसांत आपल्या हत्याराची कुणी इतकी आस्थेनं चौकशी केली नव्हती. भाऊंचा ऊर भरून आला. "ज्याला गरज असेल त्यानं बिनदिक्कत घरी यावं. गावासाठीच आहे."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

दुपारी भाऊंनी अंगणात पाइप मोजायला घेतला. सुरेखाबाई ओट्यावर त्रिपुराच्या वाती वळत बसल्या होत्या. कोजागिरीला दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असतं. त्यामुळं फाटकाकडं आधी नजर त्यांचीच गेली तरी त्यांना काही सांगता आलं नाही. फाटकाशी भीमा उभा होता. त्याच्या हातात दावं, दाव्याला एक पांढरा खोंड. त्याच्यामागं आणखी दोघं, आणखी दोन खोंड. सगळ्यात मागं एक म्हातारा बोकड घेऊन.

"आलो, भाऊसाहेब," भीमा म्हणाला. "वस्तीवर सांगितलं म्या. म्हनलं, भाऊसायबांनी परदेशी चिमटा आनलाय, थेंब सांडत न्हाई. ह्येचं आधी करा. लई मारका हाय."

भाऊंच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल पाइपाच्या रंगाचा झाला. आस्थापना शाखा! बदल्या, बढत्या, गोपनीय अहवाल! ज्या हातांनी पाचशे माणसांच्या वेतनवाढी काढल्या त्या हातांकडं आज गाव ही अपेक्षा घेऊन आलं होतं. त्यांनी ओट्याकडं पाहिलं. सुरेखाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता आणि त्या गदगदा हलत होत्या. वातींचं तबक कलंडलं आणि मोजून ठेवलेल्या वाती ओटाभर पसरल्या. मौनात हसायला बंदी आहे की नाही, याबद्दल शास्त्र काही सांगत नाही.

"हे नळाचं हत्यार आहे!" भाऊ ओरडले. "न-ळा-चं!"

भीमानं हत्याराकडं बघितलं, मग खोंडाकडं. दोघांची निराशा झाली असावी, निदान एकाची तरी. "म्हंजे ह्येचा उपेग न्हाई? दोन कोस आनलंय ह्येला चालवत."

आवाज ऐकून छगन आला. त्यानं सगळा प्रकार एका नजरेत ओळखला. "आज पुनव हाय, भीमा. पुनवंला असलं काम करत न्हाईत. आयतवारी डॉक्टर यायचेत दवाखान्यात, तवा आना. आता खोंडं बांधा लिंबाला आन् या हिकडं. भाऊसायबांचं काम आडलंय."

खरंच अडलं होतं. सोलरच्या टाकीमागं भिंतीचा कोपरा होता, आणि त्या कोपऱ्यात हत्याराचे दांडे उघडत नव्हते. अभिप्राय लिहिणाऱ्या शेकडो लोकांपैकी हे कुणीच लिहिलं नव्हतं. डबा छान, एवढंच. मग असं ठरलं की सगळे सांधे खाली अंगणात दाबून घ्यायचे आणि अख्खी जोडणी वर न्यायची.

पहिल्याच सांध्याला भाऊंनी घाईत एल्बो आधी घातला, कडं राहून गेलं. एल्बो निघता निघेना. पाइप कापावा लागला.

"भाऊसाहेब," छगन शांतपणे म्हणाला, "आधी दावं गळ्यात, मंग खुट्टा."

त्यानंतर कामाला लय आली. भीमा आणि त्याचा सोबती एकेक दांडा धरून दाबत. छगन पाइप धरून बसे आणि तीस वर्षांच्या सवयीनं मोजी. "दाब! येक... दोन... तीन... सोड. झालं राजा, झालं. दुखलं न्हाई." हे शेवटचं तो पाइपाला म्हणे आणि वरून हात फिरवी. भाऊ पट्टी लावून निकाल देत. "सरकली." सगळे म्हणत, "सरकली!" एकदा "अडली" म्हटल्यावर बोकडवाला म्हातारा पुढं झाला. त्यानं स्वतः पट्टी लावून पाहिली आणि मान हलवून निर्णय कायम केला. ते कडं कापून नवं बसवलं. न्यायदान असं चोख चाललं होतं.

बारा सांधे झाले आणि बाराव्यावर छगननं हात फिरवत असतानाच लिंबाखालून करकर आवाज आला. भीमाच्या मारक्या खोंडानं पाइपाचं मोकळं टोक तोंडात धरलं होतं आणि डोळे मिटून ऊस चघळावा तसं ते चघळत होता. तीन हात पाइप गेला. तेवढा कापून नवा जोडला, म्हणजे आणखी दोन सांधे. "दात चांगलं हायती ह्येचं," भीमा अभिमानानं म्हणाला.

ऊन उतरता उतरता ती लाल जोडणी चार जणांनी खांद्यावर घेऊन जिना चढवली. वळणावळणाचा, मोठ्या अजगरासारखा ऐवज. कुठं खिळे, कुठं पट्ट्या ठोकून ती भिंतीवरून न्हाणीच्या खिडकीतून आत उतरवली. सुरेखाबाईंनी वाती गोळा करत करत सगळं पाहिलं. भाऊंनी न्हाणीतला नळ सोडला.

नळ खोकला. खर्र केलं. आणि गप्प बसला.

पुन्हा सोडला. खर्र. कुठंही गळत नव्हतं, हे खरं. पण जिथं गळायला पाहिजे तिथंही गळत नव्हतं. माणसं दारात दाटीनं उभी होती. भाऊंनी नळाला कान लावला, नळात फुंकर मारली, पाइपावर थापट्या मारल्या. "उतार पुरला न्हाई," भीमा म्हणाला. "वारं धरलं आसंल," म्हातारा म्हणाला, "शेळी धरती तसं." छगन पाइपावरून हात फिरवत राहिला. भाऊ ओट्यावर येऊन बसले. उद्याची पहाट, आणि सुरेखाचा इतक्या वर्षांचा नेम. आपण पारावर सांगून आलो.

सुरेखाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक बोट वर केलं. आकाशाकडं.

"हो," भाऊ वर बघत म्हणाले. "त्याच्याच हातात आहे सगळं."

सुरेखाबाईंनी मान हलवली आणि पुन्हा बोट वर केलं, जरा जोरात. भाऊंनी हात जोडले. छगननं टोपी काढली. भीमानंही हात जोडले. सुरेखाबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या दिवेलागणीची वाट बघत उंबऱ्यात बसल्या. दर थोड्या वेळानं त्या वर बोट करत आणि अंगणातले सगळे दर वेळी नमस्कार करत. असा पाऊण तास गेला. शेवटी देवळात घंटा वाजली. त्यांनी तुळशीपाशी दिवा लावला, डोळे मिटून दोन ओळी पुटपुटल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या.

"अहो, गच्चीवरचा कॉक बंद आहे."

तो भाऊंनीच बंद केला होता. सुरक्षिततेसाठी. दुपारी.

ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. खाली न्हाणीत नळ एकदा शिंकला, मग त्यातून धार लागली, आधी गार, मग कोमट, मग वाफेची. छगननं बोट घातलं आणि चटका बसल्यावर जो हुंकार दिला तो खोंडांनीही ऐकला असावा, कारण तिन्ही एकदम हंबरले. सुरेखाबाईंनी सगळ्यांना मसाल्याचं दूध दिलं. चौदा सांध्यांपैकी एकही ठिबकत नव्हता. भाऊंनी दर सांध्यावर बोट फिरवून खात्री केली, दोनदा.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ आवाजानं जागे झाले. बाहेर कुजबुज चालली होती. त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं तर न्हाणीच्या दारात बायकांची रांग. गोजरबाई, छगनची बायको, वरच्या आळीच्या चौघी, दोन म्हाताऱ्या. प्रत्येकीच्या काखेत धुतलेलं लुगडं, हातात तांब्या. सुरेखाबाई केव्हाच न्हाऊन, केस बांधून, कोरं पातळ नेसून दिवा घेऊन उभ्या होत्या. चेहऱ्यावर असं तेज, की भाऊंना वाटलं, हत्याराची किंमत आज फिटली, आणि कपाटातल्या हत्याराचीसुद्धा.

"मीच बोलावलं," त्या हळूच म्हणाल्या. "नेम एकटीनं करण्यापेक्षा चौघींनी केलेला बरा."

आतून गोजरबाईंचा आवाज आला, "अगं बया, नळाला ऊन ऊन पानी! नुसती तोटी पिळली का चालूच! भाऊसाहेब, बाजरीचं माफ केलं बरं!"

बायका एकेक करून न्हाल्या, पणत्या घेऊन रांगेनं अंगणात उभ्या राहिल्या. भाऊंना तो देखावा बघून इतका आनंद झाला की आपणही आज त्याच नळाखाली आंघोळ करावी असं त्यांच्या मनानं घेतलं. ते न्हाणीत गेले, अंगाला साबण लावला, डोळे मिटले आणि ऐटीत नळ पुरा सोडला.

सोलरची टाकी शंभर लिटरची होती. न्हालेल्या बायका होत्या नऊ.

"हर हर गंगेऽऽऽ! हर हर... गं... गंगे!"

असा घोष धोंडेवाडीनं त्या पहाटेपर्यंत ऐकला नव्हता. लिंबावरचे कावळे उडाले. काकड्याला निघालेल्या बायका फाटकात थबकल्या आणि त्यांनी पणत्या सावरत न्हाणीकडं वळून नमस्कार केला. गोजरबाई म्हणाल्या, "सुरेखा, भाऊसायबांचा भाव किती गं खोल!"

सुरेखाबाईंनी डोळे पुसले. भक्तीनं की कशानं, ते त्यांनाच ठाऊक. "किती वर्षं सांगत होते, कार्तिकस्नान करा, कार्तिकस्नान करा. आज केलं."

काकड्याहून त्या परतल्या तेव्हा भाऊ दोन घोंगड्या पांघरून गॅसच्या शेगडीशी बसले होते. दात वाजत होते. सुरेखाबाईंनी त्यांच्या कपाळाला गंध लावलं, हातावर साखर ठेवली आणि अगदी मायेनं सांगितलं, की नेम एकदा धरला की महिनाभर मोडायचा नसतो.